फर्नचे बीजाणू साठवायचे तर: आधी सुकवा, मग फ्रीज

पहिल्यांदा मी फर्नचे बीजाणू, म्हणजे ज्या धुळीतून नवे फर्न उगवतात ती, साठवले तेव्हा बाटलीत बीजाणू नव्हतेच. पानामागचे तपकिरी ठिपके सुरीने खरवडले, बाटलीत भरले आणि झाकण घट्ट लावून फ्रीजमध्ये ठेवले. सहा महिन्यांनी पेरले तर बुरशीचं झकास पीक आलं. बाटलीत होती ती रिकामी टरफलं, पानाचा चुरा आणि भरपूर ओल. फ्रीजला बोल लावण्यात अर्थ नव्हता. मी जे आत ठेवलं होतं ते त्याने इमानेइतबारे जपलं.

नवशिक्यांचे प्रश्न बहुतेक वेळा फ्रीजपासून सुरू होतात. तापमान किती ठेवू, डीप फ्रीजर लागेल का, वगैरे. बीजाणू जगणार की मरणार हे मात्र त्याआधीच्या आठवड्यातच बऱ्यापैकी ठरलेलं असतं. पान कधी तोडलं, धूळ किती साफ झाली, ती किती सुकली, यावर सगळं अवलंबून. म्हणून थंडीचा भाग इथे थोडका आहे आणि त्याआधीच्या कामांचा मोठा.

आधी रंग ओळखा

फर्नला, म्हणजे नेच्याला, फूल नाही आणि बीही नाही. पानाच्या मागच्या बाजूला ठिपके किंवा रेघा दिसतात, ते बीजाणुधानींचे, म्हणजे बीजाणू तयार होतात त्या इवल्या पिशव्यांचे, पुंजके. एकेका बीजाणुधानीत बहुतेक जातींमध्ये 64 बीजाणू असतात आणि एका बीजाणूचा व्यास साधारण 20 ते 60 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). सुटा बीजाणू डोळ्यांना दिसत नाही, दिसते ती त्यांची धूळ. युरोपात तर फर्नचं बी अदृश्य असतं असा शतकानुशतकं समज होता. जमैकात काम करणाऱ्या जॉन लिंडसे नावाच्या शल्यवैद्याने 1794 मध्ये या धुळीतून फर्न कसे उगवतात याचं सविस्तर वर्णन प्रसिद्ध केलं.

या धुळीचा रंग बघणं हे तुमचं पहिलं काम. बहुतेक फर्नचे बीजाणू तपकिरी, पिवळट, काळपट किंवा फिकट असतात. नाकात ओढायच्या ज्या तपकिरीवरून आपण तपकिरी रंगाला नाव दिलं, अगदी तशीच ही पूड दिसते. असे बीजाणू सुकवणं मजेत सोसतात आणि नुसत्या कागदाच्या पुडीतही काही वर्षं टिकू शकतात.

काहींचे बीजाणू मात्र हिरवेगार असतात, कारण त्यांत हरितद्रव्य तयारच असतं. रॉयल फर्न म्हणजे ऑस्मुंडा, शहामृगाच्या पिसासारखा दिसणारा मॅट्युशिया, ओनोक्लिया, पापुद्र्याइतक्या पातळ पानांचे फिल्मी फर्न आणि फर्नचा नातलग इक्विसेटम हे सगळे या गटातले. हे बीजाणू पेरले की दोन-तीन दिवसांत रुजतात, तसेच पडू दिले तर काही आठवड्यांत मरतात. लॉइड आणि क्लेकोव्स्की या वनस्पतिशास्त्रज्ञांनी 1970 मध्ये अनेक जातींची माहिती एकत्र मांडली. तिच्यानुसार हिरव्या बीजाणूंचं सरासरी आयुष्य निघालं सुमारे 48 दिवस, आणि बिनहिरव्यांचं जवळजवळ पावणेतीन वर्षं. तुमची धूळ हिरवी असेल तर पुढची कृती जशीच्या तशी वापरू नका. तिच्यासाठी खाली वेगळा भाग आहे.

पान तोडण्याची वेळ

इथे एक भिंग लागेल, दहा पट मोठं दाखवणारं. पानामागचे पुंजके हिरवे किंवा पांढुरके असतील तर माल कच्चा आहे. गडद, फुगलेले आणि चकचकीत दिसत असतील तर हीच वेळ. फाटलेले, निस्तेज, लोकरीच्या गुंत्यासारखे दिसत असतील तर बीजाणू उडून गेले आणि उरली ती टरफलं. गंमत अशी, की साध्या डोळ्यांना हे रिकामे पुंजकेच सगळ्यात 'पिकलेले' वाटतात, कारण ते छान तपकिरी असतात. मी त्यालाच फसलो होतो.

एकाच पानावर तिन्ही अवस्था सापडतात. बऱ्याच फर्नमध्ये पानाच्या बुडाकडचे पुंजके आधी पिकतात आणि शेंड्याकडचे नंतर. काही पुंजके फुटायला लागलेत आणि बाकीचे भरलेले आहेत, असं पान निवडा. स्टॅगहॉर्न फर्नवर पुंजके वेगळे दिसत नाहीत, पानाच्या टोकाशी मखमली तपकिरी पट्टा येतो. काही फर्नना बीजाणूंची पानं वेगळीच येतात, नेहमीच्या पानांहून अरुंद आणि वाळक्या काडीसारखी. ती मेलेली समजून छाटून टाकणारे लोक मी पाहिले आहेत.

कुंडीतल्या लोकप्रिय बोस्टन फर्नच्या नादी मात्र लागू नका. त्याचे बीजाणू सहसा वांझ असतात, आणि अशा निवडक बागायती वाणांचे बीजाणू रुजले तरी रोपं मूळ झाडासारखी निघतील याची खात्री नसते.

कोरडा दिवस बघा, दव उडून गेल्यावर पान काढा. अख्खं पान लागत नाही, त्याचा एखादा तुकडा पुरतो. तेवढ्यातही लाखो बीजाणू असतात. जवळ इतर फर्न असतील तर पान आधी स्वच्छ पाण्याखाली धुऊन घ्या. दुसऱ्या जातींची धूळ त्यावर नक्की बसलेली असते, आणि वर्षभराने भलतंच रोप वाढवल्याचं कळतं तेव्हा फार वाईट वाटतं. धुतल्यावर टिपकागदाने पाणी टिपून घ्या. संरक्षित जंगलातून परवानगीशिवाय काही तोडायचं नाही, हे वेगळं सांगायला नको.

कागदाच्या घडीत

गुळगुळीत पांढरा कागद घ्या. खडबडीत कागदाच्या तंतूंत धूळ अडकते आणि वर्तमानपत्रावर ती दिसत नाही. प्लास्टिकची पिशवी दोन कारणांनी बाद: आत ओल कोंडून बुरशी येते, आणि स्थिर विजेमुळे बीजाणू तिला असे चिकटतात की निघता निघत नाहीत. पानाचा तुकडा पुंजके खाली करून कागदावर ठेवा, कागद दुमडा आणि तिन्ही कडा दोनदा मुडपून बंद करा. वर एखादं हलकं पुस्तक ठेवलं तर पान गुंडाळत नाही.

कडा कशासाठी बंद करायच्या, ते बीजाणुधानीची रचना पाहिली की लक्षात येतं. तिच्या पाठीवर जाड भिंतींच्या पेशींचं एक कडं असतं. या पेशींतलं पाणी उडू लागलं की कडं मागे ताणलं जातं आणि बीजाणुधानी फाटते. ताण एका मर्यादेपलीकडे गेला की पेशींत अचानक बुडबुडे धरतात, कडं सटकन पुढे येतं आणि बीजाणू गोफणीतून सुटल्यासारखे उडतात. म्हणजे सुकणं हाच या यंत्राचा चाप. पान हळूहळू सुकू दिलं तर ते आपलं काम आपणच करतं. खरवडायची गरजच पडत नाही.

ही पुडी पंखा, ऊन आणि चूल यांपासून लांब, कोरड्या खोलीत ठेवा. पातळ पानाला एक-दोन दिवस लागतात, जाड चामडी पानाला आठवडाभर. ओव्हन किंवा केस वाळवायचं यंत्र वापरायचा मोह होतो, तो आवरा. ओला बीजाणू गरम करणं म्हणजे त्याला शिजवणं.

नाव, तारीख, जागा आणि धुळीचा रंग पुडीवर आत्ताच लिहा, पेन्सिलीने. शाई ओल लागली की पसरते, पेन्सिल पसरत नाही. "लक्षात राहील" असं वाटतं, पण राहत नाही.

साफसफाई

घडी उघडल्यावर दोन गोष्टी दिसतील: अगदी बारीक पूड आणि तिच्याहून थोडा मोठा भुसा. भुसा म्हणजे फुटलेल्या बीजाणुधानी, त्यांच्यावरची आवरणं, पानावरची लव. बुरशी येते ती मुख्यतः या भुशातून, शिवाय तो ओल धरून ठेवतो. बाटलीत तो गेला तर बाकीची मेहनत पाण्यात.

कागद थोडा तिरका धरा आणि खालून बोटाने हळूच टिचक्या मारा. भुसा हलका आणि मोठा असल्याने घरंगळत आधी खाली येतो, बीजाणू कागदाला धरून मागे राहतात. भुसा टाकून द्या, कागद उलट बाजूने तिरका करून पुन्हा तेच करा. पाच-सहा वेळा केलं की कागदावर एकसारखी, मऊ पूड उरते. काम कंटाळवाणं आहे, पण घाई केली की फुंकर बसते आणि सगळा ऐवज हवेत जातो. जास्त माल असेल तर बीजाणू जेमतेम पार होतील अशी, साधारण 60 ते 100 मायक्रॉन छिद्रांची जाळी वापरता येते.

हे करताना नाकाला मास्क लावा. बीजाणूंची ॲलर्जी होऊ शकते. ब्रॅकन नावाच्या फर्नमध्ये तर कर्करोगकारक द्रव्य असतं, त्याच्याशी खेळ नको.

बीजाणू ब्लीचच्या पाण्याने निर्जंतुक करायचे असतील तर ते पेरण्याच्या दिवशी. साठवण्याआधी भिजवलेला बीजाणू जागा होऊ लागतो, आणि जागा झालेला बीजाणू सुकवला की बहुधा मरतो.

सुकवणं

स्वच्छ धूळ हाताला कोरडी लागते, तरी तिच्यात हवेतल्या दमटपणाइतकी ओल असतेच. हवा 70 टक्के दमट असेल तर बीजाणूही त्याच हिशेबात पाणी धरून बसतो. तेवढ्या ओलीवर त्याचं श्वसन मंदपणे चालू राहतं, तेल खवट होत जातं, आणि तो हळूहळू आतून संपत जातो.

बियांच्या बाबतीत हॅरिंग्टन या बीजसंशोधकाचा एक ठोकताळा प्रसिद्ध आहे: ओलीचं प्रमाण 1 टक्क्याने उतरलं की आयुष्य दुप्पट, आणि तापमान 5 अंश सेल्सियसने उतरलं तरीही दुप्पट. हा नियम बियांचा आहे आणि त्यांनाही ठरावीक मर्यादेतच लागू पडतो. बीजाणूंना तो आकड्यांसकट चिकटवू नका. पण दोन गुणिले दोन ही चाल इथेही चालते. दमट धूळ फ्रीजमध्ये ठेवणारा माणूस त्यातला निम्मा फायदा सोडून देतो.

जगभरातल्या बीजपेढ्या अन्न आणि कृषी संघटनेच्या मानकांनुसार बिया 10 ते 25 टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या हवेत, 5 ते 20 अंशांवर सुकवतात. बिनहिरव्या बीजाणूंसाठीही मी 15 ते 25 टक्क्यांच्या आसपासच राहतो. घरी हे जमवायचं ते असं.

धूळ बटरपेपरच्या छोट्या पुड्यांमध्ये वाटून घ्या. एकच मोठी पुडी करू नका, कारण दर वेळी ती उघडली की सगळ्याच धुळीला दमट हवा लागते. रुंद तोंडाची, रबरी कडं असलेल्या झाकणाची काचेची बरणी घ्या. तळाशी सिलिका जेल, म्हणजे ओल शोषणारे खडे, त्यावर जाळी किंवा कापडाचा तुकडा, त्यावर पुड्या. जेल आणि पुड्या एकमेकांना टेकता कामा नयेत. आत एक छोटा आर्द्रतामापक ठेवला तर अंदाजावर भिस्त ठेवावी लागत नाही. कागदातून वाफ सहज जाते आणि बीजाणू इतके सूक्ष्म, की तीन-चार दिवसांत काम होतं. आठवडा झाला तर उत्तमच.

जेल रंग बदलणारं घ्या. नारिंगी जेल ओलं झालं की हिरवं होतं, निळं गुलाबी होतं. निळ्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, ते विषारी आहे, म्हणून मी नारिंगीच वापरतो. रंग बदललेलं जेल 110 ते 120 अंशांवर दोन-तीन तास तापवलं की पुन्हा कामाला येतं. गरम असतानाच बंद डब्यात भरा, नाहीतर थंड होता होता ते हवेतलीच ओल पिऊन घेतं.

भरपूर ताजं जेल टाकलं तर बरणीतली हवा 5 टक्क्यांच्याही खाली जाते. इतकं कोरडं करून जास्त काही हाती लागत नाही, आणि नाजूक जातींना ते बाधू शकतं. मापक 15 वर आला की पुड्या बाहेर काढून बंदिस्त करायच्या. जेलऐवजी मॅग्नेशियम क्लोराइडचं संपृक्त द्रावण, म्हणजे तळाशी न विरघळलेला तोच क्षार उरेल इतकं दाट, वाटीत ठेवलं तर हवा आपोआप 33 टक्क्यांच्या आसपास थांबते. वेळ लागतो, पण अति सुकण्याची भीती नाही.

बंदिस्त करून थंडीत

सुकलेल्या पुड्या लगेच छोट्या काचेच्या कुपीत, रबरी वायसरच्या फिरकीच्या झाकणाखाली. आत जेलचे चार-दोन रंगीत खडे टाका. झाकण गळतंय का ते हेच खडे आधी सांगतात. साध्या पॉलिथिनच्या पिशवीतून वाफ हळूहळू पार होते, त्यामुळे एकट्या तिच्यावर विसंबू नका. ॲल्युमिनियमचा थर असलेली, उष्णतेने चिकटवायची पाकिटंही चांगली. कुप्या एका मोठ्या डब्यात ठेवल्या की दुहेरी आडोसा होतो.

दोन-चार वर्षांसाठी 4-5 अंशांचा साधा फ्रीज पुरे. डबा दारात ठेवू नका, तिथे तापमान सतत वर-खाली होतं. आतल्या कप्प्यात मागे ठेवा. त्याहून जास्त काळासाठी उणे 18 ते उणे 20 चा फ्रीजर. ओला बीजाणू तिथे बर्फाच्या स्फटिकांनी फाटतो, सुकलेल्यात गोठण्याजोगं पाणीच नसतं. म्हणूनच वीज गेली तरी घाबरून डबा उघडू नका. सुकलेल्या बीजाणूत वितळायला बर्फ नसतो, झाकण बंद असलं की काही तासांच्या उबेने काही बिघडत नाही.

एक गुंतागुंत आहे. बीजाणूंत तेलाचा साठा असतो आणि ठरावीक थंडीत ते तेल घट्ट होऊन स्फटिक बनू लागतं. त्यामुळे काही जातींना फ्रीजरचा अपेक्षेइतका फायदा होत नाही. कुठली जात कशी वागेल हे माहीत नसताना मी निम्म्या पुड्या फ्रीजमध्ये आणि निम्म्या फ्रीजरमध्ये ठेवतो. संस्था याहून पुढे जाऊन उणे 196 अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये साठवतात, ते घरचं काम नाही.

बाहेर काढताना होणारी चूक सगळ्यांकडून एकदा तरी होते. थंड कुपी लगेच उघडली की खोलीतली वाफ थंड धुळीवर दव होऊन बसते. माझ्या एका चांगल्या वृक्षनेच्याच्या पुडीचा असाच एका मिनिटात चिखल झाला. कुपी बंदच ठेवून तीन-चार तास खोलीत राहू द्या, बाहेरून हाताला गार लागेनाशी झाली की मग उघडा.

हिरव्या बीजाणूंचं वेगळं गणित

खरं सांगायचं तर हिरवे बीजाणू साठवण्यापेक्षा पेरणं सोपं. शक्य असेल तर त्याच आठवड्यात पेरा. साठवायचेच असतील तर घाई हाच नियम. पान तोडल्यावर एका दिवसात धूळ पाडून साफ करा, हवा 33 टक्क्यांवर ठेवणाऱ्या त्या मॅग्नेशियम क्लोराइडच्या द्रावणावर एखादा दिवस सुकवा आणि तशीच थेट फ्रीजरमध्ये टाका. अंधार हवा. साध्या फ्रीजमध्येही खोलीपेक्षा जास्त टिकतात, पण दिवस मोजून. इक्विसेटमच्या बीजाणूंना चार पट्ट्या असतात, त्या ओल लागली की गुंडाळतात आणि सुकल्या की उघडतात. भिंगाखाली त्यावर श्वास सोडून बघा, पूड वळवळायला लागते. साठवणीशी याचा काही संबंध नाही, पण बघितल्याशिवाय राहू नका.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला मार्सिलिया. ही पाण्याकाठची चौपानी वनस्पती आपले बीजाणू कवचासारख्या कठीण आवरणात बंद करून ठेवते, आणि वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहातले कित्येक दशकं जुने नमुनेही कवच खरवडून पाण्यात टाकल्यावर जागे झाले आहेत. तिच्यासाठी कोरडी डबी पुरे.

एक उलटी पद्धतही आहे, बीजाणू ओलेच ठेवायची. बहुतेक फर्नच्या बीजाणूला रुजायला उजेड लागतो, म्हणून जमिनीत गाडले गेलेले बीजाणू वर्षानुवर्षं ओलीत, अंधारात जिवंत पडून राहतात. निर्जंतुक अगारवर, म्हणजे समुद्री शेवाळापासून बनवलेल्या जेलीवर, पेरून पूर्ण अंधारात, गार जागी ठेवलं तर काही जाती कोरड्यापेक्षा चांगल्या टिकतात. पण बुरशी शिरली की खेळ खलास, त्यामुळे हात बसल्याशिवाय या वाटेला जाऊ नका.

दर वर्षी चाचणी

पहिली चाचणी साठवण्याआधीच करा, नाहीतर पुढच्या आकड्यांची तुलना कशाशी करणार? पारदर्शक डबीत बारीक मातीविरहित मिश्रण घ्या, त्यावर उकळतं पाणी ओता, झाकून थंड होऊ द्या. चिमटीहून कमी धूळ वरून भुरभुरवा, माती टाकू नका. झाकण लावून 20 ते 25 अंशांवर, थेट उन्हात नाही अशा उजेडात ठेवा. एक ते तीन आठवड्यांत हिरवी झाक दिसली पाहिजे. सूक्ष्मदर्शक असेल तर धूळ अगारवर पेरा, 100 बीजाणू मोजा आणि किती रुजले ते लिहून ठेवा.

नुसती संख्या बघू नका, वेळही लिहा. म्हातारे बीजाणू आधी उशिरा रुजायला लागतात, मग वेडेवाकडे वाढतात, आणि शेवटी संख्या घसरते. पहिल्या वर्षी दहा दिवसांत 80 रुजले आणि आता पंचवीस दिवसांत 60, तर त्या पुडीची वेळ झाली. ती पेरून टाका, आणि मूळ झाड हाताशी असेल तर पुढच्या हंगामात नवी धूळ पाडा. चाचणीसाठी उघडलेल्या पुडीतली उरलेली धूळ तशीच फ्रीजमध्ये परत जाता कामा नये. आधी दोन दिवस जेलच्या बरणीत.